कोरोनात थीम पार्क उघडले कसे, आणि त्यातल्या कुठल्या उपायाने खरंच काम केलं

11 जुलै 2020 ला फ्लोरिडात ऑरलँडोजवळ डिस्ने वर्ल्डचं मॅजिक किंगडम जवळपास चार महिन्यांनी उघडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच राज्याने एका दिवसात 15,300 नवे पेशंट जाहीर केले, तोपर्यंत अमेरिकेतल्या कुठल्याच राज्यात एका दिवसात एवढे सापडले नव्हते. आता हे पेशंट काही पार्कमुळे आले नव्हते, एका दिवसात कुणी पॉझिटिव्ह येत नाही, पण नेटवर लोकांनी जे काही झोडपलं ते साहजिकच होतं. गंमत म्हणजे त्याच कंपनीचा कॅलिफोर्नियातला मूळ डिस्नेलँड मात्र थेट 30 एप्रिल 2021 ला उघडला, म्हणजे वर्षभराहून जास्त बंद. कंपनी एक, उंदीर एक, पण परवानगी देणारं राज्य सरकार वेगळं, त्यामुळे निकाल वेगळा. मधल्या काळात तिथल्या पार्किंगमध्ये लसीकरण केंद्र सुरू होतं.

तर प्रश्न असा की हजारो माणसं, रांगा, लहान मुलं, एकाच दांड्याला धरणारे शेकडो हात, असं सगळं असताना हे पार्क उघडायचं धाडस करताना नेमकं काय काय केलं गेलं, आणि त्यातलं किती खरंच उपयोगाचं होतं आणि किती नुसतं दाखवायला. माझं मत आधीच सांगून टाकतो, जे उपाय फोटोत छान दिसायचे त्यातले बरेच कमी कामाचे होते आणि ज्यांनी खरं काम केलं ते फोटोत येतच नाहीत.

आधी थोडं विज्ञान, घाबरू नका, थोडंच आहे. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं की व्हायरस खोकल्याच्या मोठ्या थेंबांतून पसरतो, थेंब सहा फुटांत खाली पडतात, म्हणून सहा फूट अंतर ठेवा आणि सगळं पुसत राहा. पण बोलताना, ओरडताना, नुसता श्वास सोडताना सुद्धा अगदी बारीक कण बाहेर पडतात आणि ते खाली न पडता हवेत तरंगत राहतात. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की हॉलमध्ये बसलेल्याला पण ठसका लागतो, आणि तीच फोडणी अंगणात चुलीवर दिली तर शेजारी उभ्या माणसालाच काय तो लागतो, तसंच काहीसं हे. जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं की बाबांनो हवेतून पसरतोय, तिकडे लक्ष द्या. म्हणजे पार्क उघडत होते आणि त्याच आठवड्यात शास्त्रज्ञ सांगत होते की तुमची मूळ समजूत अर्धवट आहे. त्यामुळे त्या वेळच्या नियमावल्या वाचल्या तर त्यात जुनं आणि नवं दोन्ही मिसळलेलं दिसतं.

ह्या हिशोबाने बघितलं तर थीम पार्क वाटतो तेवढा वाईट प्रकार नाही कारण बराचसा भाग उघड्यावर असतो, हवा खेळती असते. धोका पार्कभर सारखा पसरलेला नसतो, तो ठराविक जागी साचतो. बंदिस्त हॉलमधून जाणारी रांग, राईडच्या आधी तीस-चाळीस जणांना एका खोलीत कोंडून गोष्ट सांगतात ती खोली, एसी रेस्टॉरंट, टॉयलेट, आणि जी पाहुण्यांना कधी दिसतच नाही ती स्टाफची जेवायची खोली.

आता टेंपरेचर गन. गेटवर कपाळाला ती बंदूक लावायची, 100.4 फॅरनहाइट म्हणजे 38 सेल्सिअसच्या वर असेल तर घरी परत. हा सगळ्यात दिसणारा उपाय होता आणि माझ्या मते सगळ्यात लंगडा. कारण संसर्ग झाल्यावर लक्षणं यायला साधारण पाच दिवस जातात, लक्षणं यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, आणि काहींना तर लक्षणं येतच नाहीत. ज्याला ताप नाही तो गनमधून आरामात सुटतो आणि तोच दिवसभर पार्कात हिंडतो. शिवाय गन कातडीचं तापमान मोजते, उन्हात अर्धा तास उभ्या माणसाचं जास्त दाखवणार, एसी गाडीतून उतरलेल्याचं कमी, आणि तापाची गोळी घेऊन आलेला तर पासच. ह्याचा एकच खरा फायदा म्हणजे ज्याला घरीच कणकण वाटतेय तो विचार करतो की गेटवर अडवणारेत तर जाऊच नको, पण त्यासाठी तिकिटाचे पैसे परत मिळायला हवेत किंवा तारीख फुकट बदलून मिळायला हवी, नाहीतर चार जणांचं तिकीट काढलेला बाप मुलाचा ताप लपवूनच येणार, माणूसच आहे. म्हणून मला विचाराल तर गनपेक्षा रिफंडचा नियम जास्त महत्त्वाचा आरोग्य उपाय आहे.

दुसरी दिसणारी गोष्ट म्हणजे पुसापुशी आणि फवारणी. सीट पुसा, दांडा पुसा, रेलिंग पुसा, पाठीवर टाकी लावून फवारा मारणारा माणूस. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने, एप्रिल 2021 मध्ये सांगितलं की व्हायरस लागलेल्या वस्तूला हात लावून संसर्ग व्हायची शक्यता साधारणपणे दहा हजारात एकाहून कमी आहे. म्हणजे हात धुवायचे नाहीत असं नाही हं, हात धुण्याने जुलाब-उलट्यांचे बाकी आजार तरी टळतात आणि लहान मुलं जिथे तिथे हात लावून तोच तोंडात घालतात, पण राईड थांबवून थांबवून सीट पुसण्यात जो वेळ जायचा त्याने रांग वाढायची, आणि रांग म्हणजे माणसं जास्त वेळ एकमेकांजवळ उभी. युनिव्हर्सल ह्या डिस्नेच्या स्पर्धक थीम पार्क कंपनीने राईडवर चढायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर द्यायची पद्धत ठेवली होती, ते त्या मानाने शहाणपणाचं, अख्खी राईड पुसत बसण्यापेक्षा चढणाऱ्याचे हातच साफ करा.

आता खऱ्या कामाच्या गोष्टीकडे येतो, माणसं मोजणे. शांघाय डिस्नेलँड 11 मे 2020 ला उघडला, डिस्नेच्या पार्कांत सगळ्यात पहिला. एरवीची क्षमता दिवसाला 80,000, सरकारने सांगितलं 30 टक्केच घ्या म्हणजे 24,000, आणि कंपनीने सुरुवात त्याच्याही बरीच खाली ठेवून केली. गेटवर मास्क, मोबाईलवरचा हिरवा हेल्थ कोड (म्हणजे ह्या माणसाला धोका नाही असा ॲपचा शेरा), आणि तिकीट आधीच तारखेसकट बुक केलेलं. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डने पण सुरुवात साधारण 25 टक्क्यांनी केली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये ती 35 केली.

हे 25-30 टक्के एवढे कमी का ते समजून घेण्यासारखं आहे, कारण लोकांना वाटायचं की निम्मे लोक घेतले की अंतर आपोआप दुप्पट होईल, तसं होत नाही. समजा एका राईडवर तासाला 1,200 माणसं बसतात. एक ओळ भरून एक ओळ रिकामी सोडायची म्हटलं की उरली 600. त्यात वेगळी कुटुंबं शेजारी बसवायची नाहीत, म्हणजे चार सीटच्या ओळीत तिघांचं कुटुंब आलं की चौथी सीट वाया. त्यात मध्ये मध्ये पुसायला थांबवली. आता 450 बसली तरी खूप. म्हणजे राईडची ताकद एक तृतीयांशाच्या आसपास आली, आणि तुम्ही पार्कात निम्मी माणसं घेतलीत तर रांग नेहमीपेक्षा मोठी होणार! आणि ती रांग सहा फुटांच्या खुणांवर उभी करायची, शंभर कुटुंबं म्हटली तरी नुसत्या मधल्या अंतराचेच सहाशे फूट, रांग राईडच्या बाहेर पडून रस्त्यावर, तिथून पुढच्या दुकानासमोर. त्या काळातले फोटो बघून लोक म्हणायचे बघा किती गर्दी, प्रत्यक्षात ती गर्दी कमी आणि पसारा जास्त असायचा.

अजून एक गोष्ट जी बाहेरून लक्षात येत नाही. परेड, आतषबाजी, स्टेज शो हे सगळं बंद केलं कारण त्यासाठी लोक एका जागी खेटून उभे राहतात. बरोबरच आहे. पण हेच शो एरवी हजारो माणसं अर्धा-अर्धा तास धरून ठेवतात, ते बंद झाले की ती सगळी माणसं परत रस्त्यावर आणि रांगेत येतात. म्हणजे एक उपाय दुसऱ्यावर भार टाकतो आणि शेवटी सगळा भार येऊन पडतो तो गेटवर आत किती सोडायचे ह्या एका आकड्यावर. युनिव्हर्सलने काही राईडला व्हर्च्युअल लाईन ठेवली होती, म्हणजे मोबाईलवर नंबर घ्या आणि वेळ झाली की या, पण मधल्या वेळात माणूस उभा राहणार कुठे हा प्रश्न राहतोच, आणि तो बहुतेक करून दुकानात जातो, ह्याचं पार्कवाल्यांना फार दुःख झालं असेल असं वाटत नाही.

मास्कबद्दल. डिस्ने वर्ल्डमध्ये दोन वर्षांवरच्या सगळ्यांना मास्क सक्तीचा होता आणि नियम बघता बघता कडक होत गेले, कारण लोक पळवाटा काढण्यात हुशार. गळ्यात घालायची ती नळीसारखी कापडं चालणार नाहीत, खालून उघडा रुमाल चालणार नाही, व्हॉल्व्हवाला मास्क चालणार नाही. व्हॉल्व्ह का नाही, तर आत घेताना हवा गाळली जाते पण सोडताना ती व्हॉल्व्हमधून तशीच बाहेर, म्हणजे घालणारा सेफ आणि समोरचा रामभरोसे. मग लोकांनी काय शोधून काढलं, हातात पॉपकॉर्न किंवा कोल्ड्रिंक घेऊन फिरायचं, खातोय ना मग मास्क खाली. त्यावर नियम आला की खायचं-प्यायचं तर एका जागी थांबून आणि लोकांपासून लांब. आणि राईडवर जो ऑटोमॅटिक फोटो निघतो त्यात ज्याने मास्क काढला असेल त्याला फोटोच मिळणार नाही! हे मला फार आवडलं, एक गार्ड न ठेवता, आवाज न चढवता लोक नियम पाळतात कारण फोटो हवाय.

आणि ओरडण्याचं काय? जपानमधल्या थीम पार्कांच्या संघटनांनी मे 2020 मध्ये जी नियमावली काढली त्यात राईडवर मोठ्याने ओरडू नका अशी सूचना होती. लोक हसले, रोलर कोस्टरवर न ओरडता कसं बसणार. तेव्हा माउंट फुजीच्या पायथ्याशी असलेल्या फुजी-क्यू हायलँडने एक व्हिडिओ काढला, त्यात दोन बडे अधिकारी मास्क लावून फुजीयामा नावाच्या कोस्टरवर बसतात, 79 मीटर उंच, ताशी 130 किलोमीटर, आणि अख्खी राईड संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, मीटिंगला बसल्यासारखे. शेवटी पाटी येते, किंचाळायचं ते मनातल्या मनात. तो व्हिडिओ जगभर फिरला, लोकांनी मीम केले, पण त्यामागचं कारण अगदी खरं होतं. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाच्या भागात गाण्याच्या ग्रुपची अडीच तास प्रॅक्टिस झाली, 61 जण होते, त्यातल्या 53 जणांना नक्की किंवा बहुतेक करून कोरोना झाला, दोघं गेले. मोठ्याने गाणं म्हणजे बंद खोलीत जोरात कण सोडणं. आता कोस्टर उघड्यावर आणि एवढ्या वेगात असतो की तिथे कण कुठल्या कुठे उडून जातात, त्यामुळे ओरडण्याचा नियम खरा लागू पडतो तो अंधाऱ्या बंदिस्त राईडना, भूतबंगल्याला. म्हणजे नियम बरोबर, जागा चुकली, असं माझं म्हणणं.

भूतबंगल्यावरून आठवलं, डिस्नेच्या हाँटेड मॅन्शनमध्ये सुरुवातीला एक खोली आहे, दारं बंद होतात, भिंती ताणल्यासारख्या वाढत जातात आणि आवाज येतो, तिथेच लोकांचा अर्धा जीव जातो मजेने. पार्क उघडल्यावर ती खोली नुसतीच चालत पार करायला लावली, थांबायचं नाही. ज्यांनी आयुष्यभर वाट बघितली होती त्यांची चिडचिड झाली, पण सगळ्या पार्कात केलेल्या बदलांमधला हा एक अगदी नेमका बदल होता, कमी वेळ, बंद खोली नको, गर्दी साचायला नको, तिन्ही एका झटक्यात, आणि खर्च शून्य. ह्याउलट रांगांच्या मध्ये आणि बोटीतल्या सीटच्या मध्ये जे प्लॅस्टिकचे पारदर्शक पडदे लावले ते थेंब अडवतात पण तरंगणारे कण वरून फिरून येतात, आणि बंद जागेत तर हवा फिरायला उलट अडथळाच होतो.

स्टाफ हा ह्या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. पाहुणा एक दिवस येतो, तिकीट चेक करणारी मुलगी रोज आठ तास तिथे असते, शेकडो लोकांशी बोलते, आणि मग मास्क काढून चार सहकाऱ्यांबरोबर छोट्या खोलीत डबा खाते. डिस्ने वर्ल्डमधल्या कलाकारांच्या युनियनने टेस्टिंगची मागणी लावून धरली कारण नाचणारा-गाणारा माणूस मास्क लावू शकत नाही, आणि त्यामुळे काही शो सुरुवातीला झालेच नाहीत. आजारी पडल्यावर पगार कापला जाणार असेल तर कोण सांगणार मला बरं नाही म्हणून? आणि हे सगळं चालू असताना सप्टेंबर 2020 च्या शेवटी डिस्नेने पार्क विभागातून 28,000 लोकांना काढत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे उरलेल्यांवर नोकरी जायची भीती पण होतीच.

मग एवढं करून पार्कमध्ये कोरोना पसरला की नाही? ऑक्टोबर 2020 पर्यंत तरी ऑरलँडोच्या डिस्ने पार्कांशी कुठला मोठा उद्रेक जोडला गेला नव्हता. पण हे वाक्य जपून वाचावं लागतं. पाहुणे देशभरातून येतात, तीन दिवस राहून परत जातात, पाचव्या दिवशी आपल्या गावी आजारी पडतात, मग तो आजार पार्कातून आला की विमानातून की हॉटेलच्या नाश्त्यातून हे शोधणार कोण. तुलनेला डिसेंबर 2014 बघा, कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला आणि शंभराहून जास्त केसेस त्याच्याशी जोडल्या गेल्या, कारण गोवर ओळखायला सोपा, अंगावर पुरळ येतं आणि केसेस एरवी इतक्या कमी की एकेक माणसाचा माग काढता येतो. कोरोनाचे रोज हजारो पेशंट असताना ते जमणं अवघडच.

एक वेगळी भानगड, कोरोनाशी थेट संबंध नसलेली. तीन-चार महिने बंद असलेल्या जागेत पाईपमध्ये पाणी साचून राहतं, क्लोरीन उडून जातं, आणि त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, कारंजं किंवा शॉवर सुरू झाला की ते तुषारांतून फुफ्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. म्हणून उघडायच्या आधी सगळे नळ-कारंजी सोडून पाणी वाहून घालवणं, क्लोरीन तपासणं हे करावंच लागतं. राईडचंही तसंच, बेल्ट, ब्रेक, सेन्सर सगळं तपासून, आधी रिकामी चालवून मग माणसं. हे काम कुणी जाहिरातीत दाखवत नाही.

आपल्याकडे केंद्राने 15 ऑक्टोबर 2020 पासून कंटेनमेंट झोनच्या बाहेर मनोरंजन पार्क उघडायला परवानगी दिली आणि आरोग्य मंत्रालयाची नियमावली आली, सहा फूट अंतर, फूड कोर्ट निम्म्या क्षमतेने, एसी 24 ते 30 डिग्री, दमटपणा 40 ते 70 टक्के, बाहेरची हवा जेवढी घेता येईल तेवढी घ्या, पोहण्याचे तलाव बंद. हवेचा मुद्दा त्यात होता हे मला चांगलं वाटलं. पण त्याच अनलॉकच्या नियमात 10 वर्षांखालच्या मुलांनी आणि 65 च्या वरच्यांनी घरीच राहावं असा सल्ला पण होता, म्हणजे पार्क उघडा पण ज्याच्या हट्टापायी जायचं तो घरी! महाराष्ट्रात तर राज्य सरकारने अजून वर्षभर थांबून, दुसरी लाट ओसरल्यावर, 22 ऑक्टोबर 2021 पासून परवानगी दिली, थिएटर उघडली त्याच दिवशी, आणि ती पण कोरड्या राईडपुरती, पाण्याच्या राईड बंदच. खोपोलीच्या इमॅजिकासारख्या ठिकाणी कोरडं आणि पाण्याचं असे दोन वेगळे पार्क आहेत त्यामुळे एक तरी चालू करता येतं, नुसतं वॉटर पार्क असलेल्याचं काय.

पाणी बंद का, तर लोकांना वाटलं पाण्यातून कोरोना होतो. तसं नाही, नीट क्लोरीन टाकलेल्या पाण्यातून तो पसरल्याचा पुरावा सीडीसीला पण मिळाला नव्हता. अडचण पाण्याबाहेर आहे, ओला मास्क लावून श्वास घेता येत नाही म्हणून मास्क नाहीच, कपडे बदलायच्या खोल्या बंदिस्त, आणि स्लाईडच्या जिन्यावर ओलीचिंब माणसं एकमेकांना चिकटून. आणि गावोगावच्या जत्रा तर दोन वर्षं झाल्याच नाहीत, कारण वरचे सगळे नियम गेट असलेल्या जागेसाठी आहेत, जत्रेला गेटच नसतं तर माणसं मोजणार कुठे, त्यामुळे आकाशपाळणेवाल्यांना नियमावली पाळून धंदा करायची सोयच नव्हती.

उघडलं म्हणजे उघडलं असंही नव्हतं. हाँगकाँग डिस्नेलँड 18 जून 2020 ला उघडला, 15 जुलैला परत बंद, 25 सप्टेंबरला उघडला, 2 डिसेंबरला परत बंद. पॅरिसचा जुलैत उघडून ऑक्टोबरच्या शेवटी बंद झाला तो पुढच्या जूनपर्यंत. आणि शांघायची 31 ऑक्टोबर 2021 ची संध्याकाळ तर ऐकण्यासारखी आहे. आदल्या दिवशी पार्कात येऊन गेलेली एक बाई पॉझिटिव्ह निघाली, हॅलोविनची गर्दी आत होती, गेट बंद केले आणि जवळपास 34,000 लोकांना सांगितलं की टेस्ट दिल्याशिवाय बाहेर जायचं नाही. वर आतषबाजी चालू, खाली पीपीई किट घातलेले लोक नाकात काडी घालतायत, पोरं झोपेला आलेली, रात्री उशिरापर्यंत रांगा. सगळे निगेटिव्ह निघाले. एका केससाठी हजारो माणसं तासन् तास रांगेत उभी करणं हा आरोग्य उपाय की सरकारचा वचक, ज्याने त्याने ठरवावं, मला तर तेव्हा तो वचकच वाटला होता.

आणि ह्यातलं आता उरलंय काय? टेंपरेचर गन गेल्या, सहा फुटांच्या खुणा गेल्या. डिस्ने वर्ल्डमध्ये आधी तारीख बुक करायची सक्ती तारखेच्या तिकिटांना 9 जानेवारी 2024 पासून काढली. मोबाईलवरून जेवण मागवणं मात्र राहिलं, काउंटरवर माणसं कमी लागतात. आणि फास्टपास, म्हणजे रांग टाळायची जी सोय तिथे पूर्वी फुकट होती, ती रांगांना जागा हवी म्हणून 2020 मध्ये थांबवली होती, ती काही परत आलीच नाही, 19 ऑक्टोबर 2021 ला तिच्या जागी जिनी प्लस नावाची पैसे भरून घ्यायची सोय आली, तेव्हा माणशी दिवसाला 15 डॉलर, आणि 2024 मध्ये जिनी प्लस हे नावही गेलं.